ती खिळ्यांची पेटी गोव्यात कधीच नव्हती

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मथळा असा: ‘मध्ययुगातली १० राक्षसी छळयंत्रं, कमकुवत मनाच्यांनी उघडू नये’. दहा फोटो, प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी, आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘याच यंत्रांनी पोर्तुगीजांनी गोव्यात लाखो हिंदूंना हालहाल करून मारलं. हा इतिहास दडवला गेला, शाळेत शिकवत नाहीत. पुढे पाठवा.’ एरवी असलं काही आलं की मी न उघडता पुढे जातो. या वेळी जाता आलं नाही. नववीतल्या माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी गोव्यातल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायसभेचा, विषय घेतलाय आणि निम्मं भाषण या फॉरवर्डवरून उतरवून काढलंय. मला वाचून दाखवताना ‘लोहकन्या’ आली तिथे ती थांबली आणि म्हणाली, “मामा, इथे टाळ्या पडतील ना?”

पडतील की. तेच तर दुखणं आहे. आणि पोरीला काय बोलायचं, तिच्या हातात हे देणारे सगळे शिकलेसवरलेले काका-मामा-मावश्या आहेत. दोन फोटो तरी गुगलवर टाकून बघायला काय झालं होतं?

तर आता मुद्दे घेतो. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, काहींची तेवढी लायकी नाही.

‘लोहकन्या: बाईच्या आकाराची पेटी, आत खिळे. इन्क्विझिशनचं सर्वांत आवडतं यंत्र. पहिला बळी जर्मनीत, १५१५.’

ही १५१५ ची तारीख आली कुठून ते आधी बघा. योहान फिलिप झीबेनकेस नावाच्या जर्मन विद्वानाने १७९३ मध्ये लिहिलं, की १४ ऑगस्ट १५१५ रोजी न्यूरेंबर्ग शहरात खोटी नाणी पाडणाऱ्या एकाला खिळ्यांच्या पेटीत उभं केलं, दारं हळूहळू लावली, खिळे डोळ्यांत, छातीत, पोटात शिरले पण जीव लगेच जाऊ नये असे बसवलेले होते, आणि तो माणूस दोन दिवस ओरडत मेला. घटना १५१५ ची, लिहिणारा १७९३ चा. मध्ये पावणेतीनशे वर्षं गेली. या मधल्या काळातला एकही विश्वासार्ह दाखला अभ्यासकांना सापडलेला नाही.

कुणी म्हणेल, जुने कागद हरवले असतील. न्यूरेंबर्गचे नाही हरवले. तिथल्या जल्लादाची स्वतःची वही आजही वाचायला मिळते. फ्रान्झ श्मिट त्याचं नाव. १५७३ मध्ये त्याने हे काम सुरू केलं, १५७८ पासून तो न्यूरेंबर्गच्या चाकरीत होता, आणि एकूण पंचेचाळीस वर्षांच्या आसपास त्याने हाच धंदा केला. आपल्या हातून झालेल्या शिक्षा तो तारखेनिशी लिहून ठेवायचा. माणूस कोण, कुठला, त्याने काय केलं, त्याला कसं मारलं. साडेतीनशेच्या वर माणसं त्याने मारली. कुणाला फास, कुणाला तलवार, कुणाला चाकावर हाडं मोडून, क्वचित कुणाला आगीत. फटके किती जणांना मारले, कान कुणाचा कापला, बोटं कुणाची छाटली, तेही आहे. बाळाला मारणाऱ्या बायकांना नदीत बुडवून मारायची जुनी रीत होती. १५८० मध्ये नगरसभेचं मन वळवून ती बदलवली आणि तलवार आणली, तीही याच श्मिटने. (हा गृहस्थ रिकाम्या वेळात लोकांची मोडलेली हाडं बसवायचा, औषधं द्यायचा, आणि म्हातारपणी बादशहाकडे केलेल्या अर्जात वैद्यकी हीच आपली खरी आवड असल्याचं त्याने लिहिलं. जल्लाद आणि वैद्य एकच. पण ते असो.) इतक्या बारकाईने लिहिणाऱ्या माणसाच्या वहीत खिळ्यांची पेटी नाही. एकदाही नाही. ज्या गावची म्हणून ती जगभर गाजली, त्या गावच्या जल्लादालाच ती माहीत नव्हती, असं मानायचं का?

बरं, ‘इन्क्विझिशनचं आवडतं यंत्र’ म्हणता, तर न्यूरेंबर्ग १५२५ पासून प्रोटेस्टंट झालेलं शहर. पोपच्या न्यायसभांचा तिथे काय संबंध? स्पेन-पोर्तुगालची इन्क्विझिशन कुठे, हे कुठे! फॉरवर्ड लिहिणाऱ्याला युरोप म्हणजे एकच गाव वाटतं.

आणि समजा कागद बाजूला ठेवला, तरी ही पेटी करायची कशासाठी? त्या काळचा कायदा काय होता ते बघितलं की तिचा निरुपयोग लक्षात येतो. आधी युरोपातही दिव्यं होती. तापलेलं लोखंड हातात धरायचं, उकळत्या पाण्यात हात घालायचा. आपल्याकडे रवादिव्य होतं त्याच जातीची ही. १२१५ मध्ये रोमच्या लॅटरन धर्मसभेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला बंदी केली आणि देवाचा कौल मागायची सोय गेली. त्याच सुमारास जुना रोमन कायदा पुन्हा वर आला होता. त्याच्या हिशोबाने देहान्ताच्या गुन्ह्याला दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीची स्वतःची कबुली. साक्षीदार नसतील तर कबुली कशी मिळवणार? इथून छळ न्यायालयाच्या कामकाजाचा भाग झाला. १२५२ मध्ये चौथ्या इनोसंट पोपने पाखंड्यांवर छळ वापरायला परवानगी दिली तीही अवयव निकामी होऊ नये आणि जीव जाऊ नये या अटींवर. अटी किती पाळल्या ते सोडा. मुद्दा असा की छळलेला माणूस बोलायला हवा, आणि नंतर शुद्धीवर येऊन तीच कबुली पुन्हा द्यायला हवा. खिळ्यांच्या पेटीतून बाहेर निघालेला माणूस कुणापुढे काय कबूल करणार? आणि शिक्षा म्हणून म्हणाल, तर त्या काळी शिक्षा भर चौकात, चार लोकांनी बघून धसका घ्यावा म्हणून देत. बंद दारामागे लोकांना काय दिसायचं?

मग फोटोतली पेटी आली कुठून? जर्मनीत बदनामीचा झगा नावाचा प्रकार होता. लाकडी पिंपासारखा, अंगावर चढवायचा आणि गुन्हेगाराला गावातून फिरवायचं. अपमान व्हायचा, रक्त येत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात जुन्या वस्तू जमवणाऱ्यांनी अशा झग्यांना आणि इकडच्या तिकडच्या भागांना खिळे ठोकून, वर बाईचं डोकं बसवून झीबेनकेसच्या गोष्टीला शोभेलशी वस्तू तयार केली, असं वोल्फगांग शिल्डसारखे जर्मन कायद्याचे इतिहासकार सांगतात. रोटेनबुर्गच्या गुन्हेविषयक संग्रहालयात जी पेटी बघायला गर्दी होते तिचेही खिळे नंतरचेच. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोहकन्या मांडली होती. हो, तेच वर्ष, तेच शिकागो, जिथे विवेकानंद बोलले. तिकीट काढून बघायची गंमत म्हणून ती जन्माला आली आणि आजही तिचा धंदा तोच आहे. प्राग, अ‍ॅम्स्टरडॅम, सॅन जिमिन्यानो, जिथे पर्यटक तिथे छळाचं संग्रहालय. आपली मंडळीही युरोप टूरमध्ये तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून येतात.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. २००३ मध्ये बगदाद पडल्यावर सद्दामचा मुलगा उदय याच्या ताब्यातल्या जागेजवळ अशी एक पेटी सापडल्याची बातमी आली होती. म्हणजे खोट्या गोष्टीवरून कुणीतरी विसाव्या शतकात खरी वस्तू करवून घेतली. पण मध्ययुगाच्या बाजूने हा पुरावा होत नाही. झालाच तर उलट बाजूने.

‘यातनेचं पेअर: तोंडात किंवा गुप्त जागी घालून चावी फिरवायची, की ते आतून उमलतं.’

हा फोटो बघून माझ्या बहिणीने जेवणाचं ताट बाजूला सारलं होतं. तिला म्हटलं, जेव. ऑस्ट्रेलियातले इतिहासकार क्रिस बिशप यांनी २०१४ मध्ये एका शोधनिबंधात या वस्तूचा माग काढला. मध्ययुगात तिचा उल्लेख नाही. ती पहिल्यांदा येते सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच पुस्तकात, आणि ते पुस्तक आहे चोरांबद्दल. दरोडेखोर घरात शिरला की मालकाच्या तोंडात हे कोंबायचा, म्हणजे तो ओरडणार नाही आणि चावी हवी असेल तर पैसे देईल. १७८५ च्या ग्रोझच्या इंग्रजी बोलीच्या कोशातही पूर्वी हॉलंडमधले दरोडेखोर असलं पेअर वापरत, एवढंच आहे. न्यायाधीश नाही, पाद्री नाही, तळघर नाही. संग्रहालयांतल्या नमुन्यांत तर आणखी गंमत आहे. काहींच्या पाकळ्या स्प्रिंगने उघडतात आणि चावीने मिटतात, म्हणजे आतून जोर लावायचं कामच त्यांना जमणार नाही. बिशप यांना ती वैद्यकीय हत्यारं किंवा तसलंच काही असण्याची शक्यता वाटते. पुढे कुणीतरी चोराची वस्तू उचलून धर्मसभेच्या नावावर चढवली, आणि आता ती आमच्या ग्रुपवर आहे.

‘पातिव्रत्याचा पट्टा.’ हा छळयंत्रांच्या यादीत का, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. कोन्राड किझर नावाच्या सैनिकी अभियंत्याच्या १४०५ च्या हस्तलिखितात याचं चित्र आहे, पण त्याच हस्तलिखितात माणसाला अदृश्य करायच्या क्लृप्त्याही आहेत. अल्ब्रेख्ट क्लासेन यांनी २००७ मध्ये या पट्ट्याच्या दंतकथेवर अख्खं पुस्तक लिहिलंय. धर्मयुद्धावर गेलेले सरदार बायकांना कुलूप लावून जात, याला आधार नाही. पुढे.

‘पितळी बैल, ज्यात माणूस भाजत.’ ही सिसिलीतल्या ग्रीक जुलमी राजा फालारिसची गोष्ट आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली. मध्ययुग त्यानंतर हजारेक वर्षांनी सुरू होतं. पुढे.

‘युरोपात ९० लाख चेटकिणी जाळल्या.’ हा आकडा मी इतक्या ठिकाणी वाचलाय, की त्याची कुळकथा सांगायलाच हवी. क्वेडलिनबुर्ग या जर्मन गावातले गॉटफ्रीड क्रिस्टियान फॉइग्ट १७८४ मध्ये आपल्या गावच्या जुन्या खटल्यांकडे वळले. हाती लागलेली वीसेक प्रकरणं घेतली, त्यावरून गावाचा शतकाचा हिशोब काढला, त्याला युरोपच्या लोकसंख्येने आणि शतकांनी गुणलं, आणि उत्तर आलं ९४,४२,९९४. शेवटचे ९४ सुद्धा! असल्या गुणाकाराला आमच्या शाळेतल्या मास्तरांनी वहीवर लाल शेरा मारला असता. आज अभ्यासक चेटूक-खटल्यांत मारलेल्यांचा आकडा ४० ते ६० हजार धरतात. तोही भयंकरच आहे. एकेक माणूस, बहुतेक बाया, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून धरलेल्या. तो वाढवून दीडशेपट करायची गरज कुणाला का पडावी, मला कळत नाही.

आता जे खरं आहे ते कबूल करायला हवं. अंगठे दाबायचे स्क्रू खरे. हातपाय ताणणारा रॅक खरा. १५४६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये अ‍ॅन अ‍ॅस्क्यू या बाईला त्यावर ताणलं होतं. चाकावर हाडं मोडणं खरं. ‘भांडकुदळ’ बाईच्या तोंडाला लावायचा लोखंडी लगाम खरा, इंग्लंड-स्कॉटलंडात तो वापरला गेलाय. म्हणजे दहापैकी चार-पाच फोटो बरोबर निघाले. पण त्यांच्यावरचं ‘मध्ययुग’ हे लेबल बहुतेक ठिकाणी चुकीचं. चेटूक-खटल्यांचा जोर १५६० ते १६३० च्या दरम्यान होता. जर्मन मुलखात छळाची रीतसर कलमं पाचव्या चार्ल्स बादशहाच्या १५३२ च्या फौजदारी कायद्यात आली. आणि छळाची सर्वांत नीटनेटकी सचित्र पुस्तिका म्हणाल तर ती १७६८ मध्ये ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसाच्या कायद्याला जोडलेली आहे. दोरी कशी बांधायची, शिडीवर माणूस कसा ताणायचा, यंत्राची मापं काय, सगळं व्यवस्थित कोरीव चित्रांतून. पानिपत होऊन सात वर्षं झाली होती, पुण्यात माधवराव पेशवे होते. व्हिएन्नात सरकारी चित्रकार अंगठ्याच्या स्क्रूची मापं काढत बसले होते. आठ वर्षांत, १७७६ मध्ये, तिथे छळ बंद झाला हेही सांगतो.

खऱ्या छळाला बहुतेक वेळा यंत्र लागतच नव्हतं, हे या फॉरवर्डवाल्यांना नकोसं असणार, कारण त्याचा फोटो भारी येत नाही. लागायची दोरी. हात मागे बांधायचे, दोरी छताच्या कप्पीवरून घ्यायची, माणूस वर ओढायचा, पायाला दगड बांधायचा. खांदे निखळतात. लागायचं पाणी आणि तोंडावर टाकायला फडकं. बोलोन्याचा कायदेपंडित इप्पोलितो मार्सिली याने पंधराव्या-सोळाव्या शतकात नुसतं झोपू न देण्याचा छळ नोंदवून ठेवलाय. त्याला लागतं काय? दोन पहारेकरी, आळीपाळीने.

आणि लागायचा एक कारकून. तोलेदोमध्ये १५६८ साली एल्विरा देल काम्पो नावाच्या बाईचा छळ झाला, त्याची नोंद आहे. आरोप काय, तर ती डुकराचं मांस खात नाही आणि शनिवारी धुतलेले कपडे घालते, म्हणजे छुपी ज्यू असणार. दंडाला दोऱ्या आवळताना ती जे जे बोलली ते कारकुनाने शब्दन्‌ शब्द उतरवलं, ओरडणं आणि विनवण्यांसकट. ती पुन्हा पुन्हा विचारते, मला काय सांगायचं ते तुम्हीच का सांगत नाही, सांगा म्हणजे मी ते म्हणेन. आणि ते तिला सांगत नाहीत, नुसतं ‘खरं बोल’ म्हणत राहतात. हेन्री चार्ल्स ली या अमेरिकन इतिहासकाराने स्पॅनिश इन्क्विझिशनवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात हे कामकाज दिलंय. मी ते एकदा वाचलं आणि पुन्हा उघडायला धजलो नाही. लोहकन्या मी कितीही वेळा बघू शकतो.

आता शेवटची ठळक ओळ. ‘याच यंत्रांनी पोर्तुगीजांनी गोव्यात लाखो हिंदूंना मारलं.’

हिच्यावरच माझा खरा राग आहे. वरचं सगळं अज्ञान म्हणून सोडून देता येतं. ही ओळ नाही सोडता येत, कारण गोव्यात जे झालं ते झालंय, आणि ही ओळ त्याची वाट लावते. उद्या कुणी उठून म्हणणार की गोव्यात फारसं काही झालंच नव्हतं, सगळा अपप्रचार आहे. म्हणणारे आहेतच. त्यांना आता काय करावं लागेल? फक्त हा फोटो खोटा ठरवावा लागेल, आणि तो तर पाच मिनिटांत ठरतो. मग त्याच्या बरोबरीने सगळंच खोटं. आपणच त्यांच्या हातात कोलीत दिलं.

गोव्याच्या इन्क्विझिशनवर मराठी माणसाने युरोपातल्या संग्रहालयांचे फोटो चिकटवावेत याचं मला जास्त नवल वाटतं, कारण या विषयावरचं मोठं काम एका मराठी संशोधकाने करून ठेवलंय. अनंत काकबा प्रियोळकर. गोव्यातल्या प्रियोळचे, १९५१ च्या कारवार साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांचा ‘द गोवा इन्क्विझिशन’ हा इंग्रजी ग्रंथ १९६१ मध्ये आला. त्यातच त्यांनी शार्ल देलॉन या फ्रेंच डॉक्टरची हकीकत छापलीय. ती वाचली असती तर लोहकन्येची गरज कुणाला पडली नसती.

देलॉनला १६७३ मध्ये दमणला पकडलं. त्याच्या मते खरं कारण दमणच्या गव्हर्नरशी एका बाईवरून असलेलं वैर, पण आरोप धर्माविरुद्ध बोलल्याचा. त्याला जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात आणलं. लोक त्या इमारतीला ‘व्हडलें घर’ म्हणत. पूर्वी तो आदिलशाहीचा वाडा होता. तिथला पहिला नियम गप्प राहायचा. कोठडीत रडलात, मोठ्याने बोललात, अगदी मोठ्याने प्रार्थना केलीत तरी पहारेकरी येऊन मारायचे. दुसरा नियम असा की तुमच्यावर आरोप काय आणि तो कुणी केला हे तुम्हाला सांगायचं नाही. तुम्हीच ओळखायचं. तुम्हाला इथे का आणलं ते तुम्हीच सांगा, असं विचारायचे. आठवेल तो गुन्हा कबूल करा, आठवेल त्याचं नाव घ्या, पण त्यांच्या कागदावरचा गुन्हा तोच निघाला नाही तर कबुली अपुरी. देलॉनने तिथे जीव द्यायचा प्रयत्न केला. आजाराचं सोंग घेतलं, शीर तोडून रक्त काढायला लावलं आणि नंतर एकटा असताना पट्टी सोडली. देलॉनला स्वतःला दोरीवर चढवलं नाही. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रोज सकाळी दुसऱ्यांच्या किंकाळ्या ऐकू यायच्या, असं तो लिहितो. पोर्तुगीज इन्क्विझिशनची मुख्य साधनं दोन, कप्पीची दोरी आणि ताणायचा पाट. जानेवारी १६७६ मध्ये त्याला मिरवणुकीने नेऊन निकाल ऐकवला: मालमत्ता जप्त, धर्माबाहेर, आणि पोर्तुगालात पाच वर्षं गलबतावर वल्ही मारायची शिक्षा.

आकड्याचंही बघू. १५६० मध्ये ही न्यायसभा गोव्यात सुरू झाली, १७७४ मध्ये बंद पडली, १७७८ मध्ये पुन्हा उघडली आणि १८१२ मध्ये कायमची मिटली. उपलब्ध नोंदींवरून खटल्यांचा आकडा १६ हजारांच्या वर जातो. खटले, मृत्युदंड नव्हे. जाळलेले त्यात थोडे. बहुतेकांच्या वाट्याला उघड्यावर प्रायश्चित्त, जप्ती, फटके, हद्दपारी, वल्ही. जिवंत जाळायचं काम ही सभा स्वतःच्या हाताने करत नसे, गुन्हेगार सरकारच्या हवाली करायची. आणि बळी ‘लाखो हिंदू’ नव्हेत, तर मोठ्या संख्येने बाटलेले गोवेकर, ज्यांच्यावर छुपेपणाने जुने रिवाज पाळल्याचा आळ होता. हिंदूही सुटले नाहीत, धर्मांतरात अडथळा आणला किंवा बाटलेल्यांना जुन्याकडे ओढलं म्हणून त्यांनाही धरत. पण या बाटलेल्यांची गोष्ट फॉरवर्डमध्ये येत नाही, कारण ते नावाने ख्रिस्ती होते आणि वाचणाऱ्याला ते आपले वाटणार नाहीत.

ती गोष्ट कशी होती ते १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानात दिसतं. प्रियोळकरांनी ते दिलंय. घरात तुळस लावायची नाही. लग्नात वाजंत्री आणि विडा-सुपारी नको. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. भात मिठाशिवाय शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात. म्हणजे शेजारणीने भाताची चव घेतली आणि मीठ लागलं नाही, तर ती तुमच्याविरुद्ध साक्ष होऊ शकत होती. घरातल्या प्रत्येक बाईला चुलीपाशी उभं राहून याचा विचार करावा लागत असणार. हे छळाच्या यादीत कुणी घालत नाही.

१८०८ मध्ये क्लॉडियस ब्युकॅनन हा स्कॉटिश पाद्री गोव्यात आला आणि थेट एका इन्क्विझिटरचाच पाहुणा म्हणून राहिला. त्याच्याजवळ देलॉनचं पुस्तक होतं. ते त्याने यजमानाला वाचायला दिलं. यजमानाने वाचलं आणि मान्य केलं, की कोठड्या, छळ, मिरवणूक यांचं वर्णन साधारण बरोबर आहे. त्याची हरकत एवढीच, की आमच्या हेतूंबद्दल याने चुकीचं लिहिलंय. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आरोपीच्या जबानीवर चालू काळातल्या इन्क्विझिटरची सही, असा पुरावा कुठल्या खटल्यात मिळतो? हा उताराही प्रियोळकरांच्याच पुस्तकात आहे.

राहता राहिलं ‘दडवला गेला, शाळेत शिकवत नाहीत’. पाठ्यपुस्तकात याला जागा फार थोडी मिळते, हे मला मान्य करावं लागतं, आणि ते बरोबर नाही. पण देलॉनचं पुस्तक १६८७ पासून छापील आहे, प्रियोळकरांचं १९६१ पासून. ग्रंथपालाकडे मागितलं तर मिळतं. दडवण्याचं काम खरोखर कुणी केलं असेल तर ते पोर्तुगीज सरकारनेच. १८१२ नंतर गोव्यातली इन्क्विझिशनची बहुतेक दप्तरं जाळून टाकली. जे उरलं त्यात जुआंव देलगादो फिगेइरा या तिथल्याच अधिकाऱ्याने तयार केलेली १६२३ पर्यंतच्या खटल्यांची यादी आहे, लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. आरोपींची हजारो नावं आहेत तिच्यात, कुणाचा खटला कसा निकालात निघाला त्यासकट. दहा फोटोंच्या फॉरवर्डमध्ये त्यातलं एकही नाव नाही.